लाकडी भातुकली कोण घेतं? सावंतवाडीच्या कामाच्या नोंदी

१२ जून २०२५

जाहिरातीचा मजकूर लिहायचं काम ठरलं. सावंतवाडीतल्या चितारआळीचं घर. काका, काकी आणि त्यांचा मुलगा. माल म्हणजे लाकडी फळं, भातुकली, कुंकवाचे करंडे, रंगवलेले पाट आणि थोडे गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचे, संच. मागणी एवढीच, की मजकूर लिहून दे आणि फोटो कसे काढायचे ते मुलाला शिकव. जाहिरातीला पैसे जवळजवळ नाहीतच. व्हॉट्सॲपचा कॅटलॉग, इन्स्टाग्रामचं एक पान आणि दुकानाची पाटी, एवढ्यावर भागवायचं आहे.

अडचण काकांनी पहिल्या फोनवरच सांगितली. पूर्वी गोव्याला जाणारी गाडी गावातून जायची, मोती तलावाशी थांबायची, माणसं आळीत डोकवायची. आता महामार्ग झाराप-पत्रादेवीच्या बाह्यवळणाने बाहेरूनच निघून जातो. रेल्वे स्टेशनही गावापासून लांब. पावसाळ्यात आंबोलीला गर्दी होते, पण ते लोक भिजतात, भजी खातात आणि घाट उतरण्याऐवजी आल्या वाटेने परत जातात. म्हणजे गिऱ्हाईक दारात येण्याची वाट बघून चालणार नाही.

सध्याच्या कॅटलॉगमधला मजकूर असा आहे: "पारंपरिक हस्तकला. पर्यावरणपूरक. टिकाऊ. आकर्षक रंगसंगती." हा मजकूर बांबूच्या टोपलीखाली लावला तरी चालेल, कोल्हापुरी चपलेखाली लावला तरी चालेल. खोटं त्यात काही नाही, पण घेणाऱ्याचं नावगाव त्यात कुठेच नाही.

१९ जून

मुलाकडून दुकानाच्या फोनवरचे जुने निरोप मागवून घेतले, नंबर आणि नावं काढून. लिहायला बसण्याआधी हे वाचणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण माणूस काही घेताना काय बोलतो ते त्याला स्वतःलाही नंतर आठवत नाही. प्रश्नावली पाठवली असती तर सगळ्यांनी "कलेला प्रोत्साहन द्यायला" असं सभ्य उत्तर दिलं असतं.

निरोप मात्र निराळं सांगतात. "मुलगी कॅनडात आहे, नात चार वर्षांची, तिकडे पाठवता येईल का?" "आमच्या आजीकडे अशीच शेगडी होती, ही वेगळी मिळेल?" "लग्न मेमध्ये आहे, रुखवतात मांडायला किती मोठं दिसेल?" "सासूबाईंची पंचाहत्तरी आहे, त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या." लाकूड कुठलं, असं विचारणारे अगदी थोडे. टिकेल का, हा प्रश्न तर जवळपास नाहीच. म्हणजे आपण ज्या चार गोष्टी ठळक छापल्या, त्या कोणी विचारल्याच नव्हत्या.

निरोपांचे ढीग करत गेले. एक ढीग लांब पाठवणाऱ्यांचा. दुसरा चारचौघांत मांडणाऱ्यांचा, म्हणजे रुखवत, आरास, दिवाणखान्यातलं कपाट. तिसरा ढीग मजेदार आहे. बायका विचारतात नातीसाठी किंवा भाचीसाठी, पण पुढचे सगळे प्रश्न स्वतःच्या आठवणीतले. जात्याला खुंटा आहे का? विळीला खोबरं खवायचा भाग आहे का? चुलीला वैलाचं तोंड आहे का? चार वर्षांच्या पोरीला वैल, म्हणजे चुलीचं शेजारचं जोड तोंड, ठाऊक नसतो. या बायका स्वतःसाठी घेताहेत आणि नात हे त्यांचं निमित्त आहे. ते निमित्त त्यांना राहू द्यायचं. "तुमच्यातल्या लहान मुलीसाठी" वगैरे लिहून उघडं पाडायचं नाही. माणसाला स्वतःच्या हौसेसाठी एक आडोसा लागतो, विशेषतः साठीच्या पुढच्या मराठी बाईला, जिने आयुष्यभर स्वतःसाठी काही घेताना हिशेब दिलेला असतो.

मुलांनी स्वतः हट्ट करून घेतलेला लाकडी फणस असा निरोप सापडला नाही.

२७ जून

सावंतवाडी. आळीत दोन दिवस. पाऊस धो धो. कारखाना म्हणजे मागची पडवी.

लाकूड मुख्यतः पांगाऱ्याचं. हलकं आणि मऊ, हत्याराला त्रास देत नाही, म्हणून फळांना ते बरं. पण ओलं वापरलं तर पुढे तडकतं, आणि कोकणातल्या या चार महिन्यांत ते वाळवायचं कुठे हाच प्रश्न. आधी वाळवून ठेवलेले ओंडके संपेपर्यंतच काम चालतं. फळ तासून, घासून, लांबी (पुट्टी) भरून, पुन्हा घासून मग रंग. फणसाचे काटे हा काकांचा अभिमानाचा विषय. आंब्याच्या गालावरचा लाल हात काकी फिरवतात. तो त्यांच्याइतका कोणालाच जमत नाही, हे काकाही मान्य करतात, फक्त त्या समोर नसताना.

रंगाबद्दल मी विचारलं. ऑनलाइन बाजारात अशा वस्तूंखाली सर्रास "नैसर्गिक रंग" लिहिलेलं असतं आणि पालकांना ते हवंही असतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी लेथवर फिरवून लाखेच्या रंगाने रंगवतात. त्यांची ती ओळख आहे. आपलं तसं नाही. काका म्हणाले, "रंग बाजारातलो. खोटा कित्याक लिवचा?" विषय संपला. मी वहीत लिहिलं: "डब्यातला रंग, हाताने रंगवलेला. तोंडात घालणाऱ्या लहान मुलांसाठी नाही." हे वाक्य कॅटलॉगमध्ये वर घ्यायचं, तळाशी बारीक अक्षरात टाकायचं नाही.

मुलाने आयएसआयचा प्रश्न काढला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह बंधनकारक झालं. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. काकांचं कारागीर ओळखपत्र आहे. विचारणाऱ्याला सांगायला उत्तर तयार ठेवलं. मुद्दाम मिरवायचं कारण नाही, कारण सूट म्हणजे तपासणीचा दाखला नव्हे.

८ जुलै

आजची नोंद लांबणार, कारण वाद झाला.

काकांच्या पुण्यातल्या एका नातेवाइकाने, जो स्वतःला मार्केटिंगमधला समजतो, एक मसुदा पाठवला. "शेवटचा श्वास घेणाऱ्या कलेला वाचवा. या थरथरत्या हातांना तुमच्या आधाराची गरज आहे." सोबत सूचना, की काकांचा फोटो अंधाऱ्या खोलीत, बाजूने उजेड घेऊन, सुरकुत्या दिसतील असा काढा. त्याचं म्हणणं, भावनेला हात घातल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही.

शेवटचं वाक्य बरोबर आहे, म्हणूनच वाद लांबला. भावनेशिवाय लाकडी फणस विकला जाणार नाही, त्याचा दुसरा उपयोगच काय? पण कुठली भावना, हे बघायला हवं. दया आली की माणूस एकदाच देतो, थोडं देतो आणि मोकळा होतो. घेतलेली वस्तू मग मदतीची पावती बनते. ती घरात मांडली तरी पाहुण्याला सांगायचं काय? "बिचारे होते म्हणून घेतलं"? अशी वस्तू कोणी पंचाहत्तरीला भेट देत नाही, लेकीच्या रुखवतात तर नाहीच. ज्या ढिगांवर हे दुकान चालतं, त्यांतला एकही ढीग दयेने हलत नाही. शिवाय दयेच्या मजकुरात भाव वाढवता येत नाही, उलट गिऱ्हाईक घासाघीस करताना उपकाराच्या सुरात बोलतं.

काकांना मसुदा वाचून दाखवला. त्यांनी रंगाचा हात पुसला आणि म्हणाले, "माका गरीब करून इकू नको गो. फणस आवडलो तर घेवंदेत, नाय तर नको." आणि हात मुळीच थरथरत नव्हते. थरथरले असते तर फणसाला काटे आले असते का?

त्याच नातेवाइकाचा दुसरा मसुदा भीतीचा: "तुमच्या बाळाच्या हातात विष तर नाही ना?" खाली प्लास्टिकच्या बाहुलीचा फोटो. भीती विकते, हे विमा कंपन्यांपासून पाणी शुद्ध करायच्या यंत्रापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपलाच रंग डब्यातला. आणि तसा नसता, तरी लोकांच्या मनात आपली भातुकली प्लास्टिकच्या शेजारी कशाला नेऊन ठेवायची? आजीच्या चुलीशेजारी तिची जागा आहे.

दोन्ही मसुदे बाजूला ठेवले. नातेवाईक दुखावला आहे. गणपतीत भेटेल तेव्हा काकी बघून घेतील.

१५ जुलै

फोटो. पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले जुने फोटो स्वच्छ आहेत, पण जातं अंगठ्याएवढं की ताटाएवढं ते कळत नाही. नवीन फोटो काकींच्या स्वयंपाकघरात, शहाबादी फरशीवर, खिडकीच्या उजेडात. एका फोटोत खऱ्या पाट्याशेजारी लाकडी पाटा. दुसऱ्यात काकींचा हात, बांगड्यांसकट, लहानशा परातीत पीठ मळल्यासारखा. चेहरा कुठेच नाही. चेहरा आला की ती काकींची गोष्ट होते. नुसत्या हातात बघणारी आपल्या घरातला हात बघते.

मुलाला सांगितलं, फोटोवर मजकूर चढवू नकोस, चौकट नको, कोपऱ्यात पणती तर नकोच नको.

२४ जुलै

मजकूर लिहिला. आधीचा: "पारंपरिक लाकडी भातुकली संच, हस्तनिर्मित, मुलांच्या कल्पनाशक्तीस चालना."

आताचा: "चूल, तवा, परात, पोळपाट-लाटणं, पाटा-वरवंटा, जातं, उखळ-मुसळ, विळी. जात्याला खुंटा आहे आणि ते फिरतं. विळीला धार नाही, खोबरं खवायचा गोल भाग आहे. सगळं एका पसाभर जागेत मांडून होतं."

विशेषणं जवळजवळ काढली. ज्या बाईने जातं पाहिलं आहे तिला "जात्याला खुंटा आहे आणि ते फिरतं" एवढं पुरतं. आठवणीचं काम तिचं ती करते. मी "आठवा ते सोनेरी दिवस" लिहिलं की ती माझ्या आठवणी बघायला लागते, आणि माझ्या आठवणींशी तिला काय करायचंय? नेमक्या वस्तूचं नेमकं नाव हीच सगळ्यात मोठी भावनिक ओढ आहे, हे मला दरवेळी नव्याने पटतं. बाजारातला बराचसा जाहिरातीचा मजकूर याच्या उलट चालतो. भावनेचं नाव मोठ्या अक्षरात आणि वस्तू धूसर.

डब्यात घालायला एक कार्ड सुचलं. त्यावर आपली जाहिरात काहीच नाही. वर एवढंच: "हा संच पाठवणाऱ्याने लिहावं". खाली तीन अर्धी वाक्यं. "आमच्या घरी जातं असे ते..." "पहिली पोळी मी लाटली तेव्हा..." "मला सगळ्यात आवडणारं भांडं..." पुढे मोकळी जागा. आजी-आजोबा किंवा मावशी भरतील. लांब पाठवणाऱ्यांच्या ढिगाला हवंय ते हेच. त्यांना वस्तूपेक्षा काहीतरी सांगायचं आहे, आणि कॅनडातल्या नातीला फोनवर ते सांगता येत नाही. वेळ जुळत नाही, मराठी अडखळतं. मुलाने विचारलं, दुकानाचं नाव कार्डावर कुठे? डब्याच्या तळाला. ज्याला हवं तो शोधेल.

कुरियरवाल्यांसाठी मात्र खोकं दुहेरी करावं लागेल. उखळाचं मुसळ सुटं असतं, ते सगळ्यात आधी हरवतं.

६ ऑगस्ट

नव्या फोटोंखाली एका बाईंनी लिहिलं: "मुलींना पुन्हा चुलीपाशीच बसवायचं आहे का?"

मुलगा म्हणाला, काढून टाकू. नको म्हटलं. प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांनी तो लिहिला नाही अशा कितीतरी जणींच्या मनात तो आला असणार. आपल्या मजकुरात "मुलींसाठी" हे शब्द दोन ठिकाणी होते, ते काढले. पुढचा फोटो शेजारच्या मुलाच्या हाताचा, जातं फिरवताना. उत्तर थोडक्यात लिहिलं: "चूल कोणी पेटवायची ते घरातल्यांनी ठरवावं. आमच्याकडे लहानपणी सगळेच मांडत." काकांनी दुजोरा दिला, की लहानपणी खोटा भात रांधायचं काम कायम त्यांच्याकडे असे, कारण त्यांच्या बहिणीला झाडावर चढायला आवडायचं. हे कॅटलॉगमध्ये घातलं नाही, पण घालायचा मोह झाला.

१९ ऑगस्ट

गणपती २७ तारखेला. कल्पना माझी होती: लाकडी फळांची माटवी. कोकणात गणपतीवर लाकडी चौकट टांगून तिला फळं, रानातल्या वेली आणि फुलं बांधतात. नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, तेरडा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये कवंडळ कुठून आणणार? लाकडी फळांचा संच म्हणजे चाकरमान्याला गावचं घर भिंतीवर आणून दिल्यासारखं. मजकूरही झरझर आला.

काकींनी वाचला आणि कागद परत दिला. "माटवीक लाकडाचा फळ? देवाक काय फसवतंस?" माटवीला जे बांधायचं ते त्या दिवसांत रानात आलेलं असतं, ते सुकतं आणि विसर्जनाला उतरवतात. न सुकणारं फळ तिथे बसत नाही. भावना अगदी अचूक हेरली तरी वस्तू त्या जागेची नसेल, तर घेणाऱ्याच्या घरातली एखादी आजी हेच म्हणेल आणि मुंबईच्या सुनेला ते ऐकून घ्यावं लागेल.

बदल केला: "गौरीपुढच्या आराशीत मांडायला." फराळ, खेळणी आणि भातुकली मांडायची रीत कितीतरी घरांत आहेच. तिथे लाकडी आंबा शोभतो, कोणाला फसवत नाही. माटवी हा शब्द पूर्ण काढला.

४ सप्टेंबर

गौरी-गणपती २ तारखेला गेले. चाकरमान्यांच्या परतीच्या दोन-तीन दिवसांत दुकानात जी गर्दी झाली ती येतानाच्या आठवड्यात नव्हती. येताना हात भरलेले आणि डोकं घरातल्या कामात. जाताना पिशवीत नारळ, तांदूळ, कोकम भरून झालेलं असतं आणि तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. पाटीवर फक्त लिहिलं होतं: "मुंबईला नेताना फुटणार नाही." विक्री चांगली झाली. लहान फळं सगळी गेली, फणस एक उरला.

११ सप्टेंबर

गंजिफा. हा वेगळाच प्राणी आहे.

गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी संचात १२० पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. मुघल पद्धतीच्या संचात आठ रंग आणि ९६ पत्ते. सावंतवाडीत हा हुन्नर मोडकळीला आला होता. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच कारागिरांना बसवून तो पुन्हा उभा केला. आजही राजवाड्याच्या दरबारात पत्ते रंगवणारे बसलेले दिसतात.

हा संच स्वस्त नाही, होऊही शकत नाही. घेणारे लोक खेळत नाहीत. काचेच्या कपाटात ठेवतात. मग त्यांना काय हवं असतं? मला वाटतं, पाहुण्याला सांगण्यासारखी एक गोष्ट. ज्याच्या घरी असा संच असतो त्याच्याकडे जाणकारपण येतं, आणि ते हवंसं वाटण्यात काही वाईट नाही. पण तो कपाट उघडतो, "दशावतारी गंजिफा, जुनी कला" म्हणतो आणि गप्प होतो. पुढे त्यालाच माहीत नसतं.

म्हणून डब्यात खेळाचा एक कागद द्यायचा, सोप्या मराठीत. खेळाची सुरुवात कोण करतो? दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हातात रामाचा राजा तो, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असणारा. अर्ध्या रंगांत दहाचा पत्ता भारी, अर्ध्यांत तोच क्रम उलटा. एवढं सांगितलं तरी पाहुणा पुढे सरकून बसतो. मजकुराचा मथळा तिथेच मिळाला: "दिवसा राम, रात्री कृष्ण." खाली किंमत, रंगवायला लागणारा काळ आणि "खेळता येतो" हे दोन शब्द. बाकी काही नाही.

मुलाने सुचवलं, एकेक पत्ता चौकटीत घालून बारशाला विकू. राम, कृष्ण, नावाप्रमाणे. काका तयार आहेत, अट एवढीच की संच फोडायचा नाही, पत्ता वेगळा रंगवायचा. बघू. मला यात थोडी घाई दिसते, पण विरोध नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. दिवाळीची मागणी सुरू. मजकुराला हात लावला नाही.

२४ ऑक्टोबर

जाहिरातकार पियूष पांडे गेल्याची बातमी आली. दिवसभर फोनवर त्यांच्याच जाहिराती फिरत होत्या, फेविकॉलच्या खचाखच भरलेल्या गाडीपासून सगळ्या.

मी कॅडबरीची १९९४ची जाहिरात पुन्हा दोनदा पाहिली. क्रिकेटचं मैदान, फलंदाजाचा षटकार आणि प्रेक्षकांतून ती मुलगी पहारेकऱ्याला चुकवून नाचत मैदानात. त्याआधी चॉकलेट ही मुलांना द्यायची वस्तू होती. मोठ्या माणसाने रस्त्यात खाणं म्हणजे पोरकटपणा. त्या जाहिरातीत दुधाबद्दल एक अक्षर नाही, गाण्यात स्वाद येतो तोही जिंदगीचा. मोठ्यांना मूल व्हायची मुभा दिली, आणि ती मुभा देताना "तुमच्यातलं मूल जागवा" असं म्हटलं नाही. मुलगी नाचली, बस.

जूनमधला तो तिसरा ढीग आठवला, जात्याचा खुंटा विचारणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी वेगळी जाहिरात करायचं माझ्या डोक्यात होतं. आता नको वाटतं. विकणाऱ्याने मध्ये न येणं हेच तिथलं काम आहे.

काकांना विचारलं, ती जाहिरात आठवते का? "ती नाचणारी? आठवता तर." चॉकलेट कुठलं ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. काकींनी आतून सांगितलं.

३ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं लागायला लागली, म्हणजे रुखवताचे फोन येणार.

रुखवत घेणारी व्यक्ती बहुधा नवरीची आई किंवा मावशी. तिला काय हवंय हे ती स्पष्ट सांगते: दोन्हीकडच्या माणसांनी थांबून बघावं. त्यात लेकीचं कौतुक आहे, विहिणीपुढे मान ताठ ठेवायची इच्छा आहे, आणि घर रिकामं होण्याआधी हात कशात तरी गुंतवून ठेवणंही आहे. शेवटच्या गोष्टीचा मजकुरात उपयोग करणं सहज जमलं असतं. दोन ओळींत डोळे ओले झाले असते. लिहिलं नाही. ती बाई आधीच त्या काठावर उभी असते. तिला धक्का देऊन वस्तू विकणं मला रुचत नाही. शिवाय तिला त्या वेळी खरी गरज मापांची असते.

म्हणून रुखवताच्या पानावर मापं दिली: मांडायला किती जागा, टेबल केवढं, लांबून काय दिसेल, पाटावर नाव किती अक्षरांपर्यंत नीट बसतं, किती आधी सांगावं. शेवटी एक ओळ: "लग्नानंतर माळ्यावर जाऊ नये म्हणून पाट बसता येईल असा केला आहे." या ओळीवर सगळ्यात जास्त उत्तरं आली. रुखवत नंतर धूळ खात पडतं हे प्रत्येक घराला माहीत आहे, पण विकणारा ते कधी बोलून दाखवत नाही.

नावाच्या पाटांत एक अडचण. "श्री" आणि "सौ." कोणापुढे लावायचं, लावायचं की नाही, यावर दोन घरांत निरोपांची लांबण लागली. आता नाव गिऱ्हाइकाने स्वतः टंकून पाठवायचं, आपण तसंच रंगवायचं.

१८ नोव्हेंबर

भरलेल्या कार्डांचे फोटो काही जणांनी आपणहून पाठवले. मागितले नव्हते. एका आजोबांनी "पहिली पोळी मी लाटली तेव्हा" याच्यापुढे "अजून लाटलेली नाही" लिहून सही केली आहे. काकी ते वाचून खूप हसल्या.

मुलाला ते इन्स्टाग्रामवर टाकायचं होतं. माझं मत नाही असं. विचारून टाकता येईल, पण मग पुढचा लिहिणारा नातीऐवजी आपल्या पानासाठी लिहायला लागेल. कार्डं दुकानाची नाहीत. मुलगा नाराज आहे. त्याच्या दृष्टीने ही फुकट जाहिरात हातची जाते आहे, आणि त्याचंही खोटं नाही. काकांनी निकाल दिला नाही, लाकूड तासत बसले.

१० डिसेंबर

संक्रांतीचं ठरवायचं होतं. बोरन्हाण सुचवलं गेलं. लहानगी बाळं, हलव्याचे दागिने, फोटो भरपूर, भावना तयार. पण जूनमध्येच आपण लिहून ठेवलं आहे, की हा रंग तोंडात घालणाऱ्यांसाठी नाही. बोरन्हाण कॅटलॉगमध्ये येणार नाही.

हळदीकुंकवाचं वाण मात्र जमतं. लहान कुंकवाचा करंडा. वाण लुटणाऱ्या बाईची चिंता एकच, की आपण दिलेलं घरी जाऊन कुठल्या डब्यात पडू नये. प्लास्टिकच्या चाळण्या आणि स्टीलच्या वाट्या सगळ्यांकडे साचल्या आहेत. मजकूर: "देव्हाऱ्यात राहील एवढा लहान." भाव प्लास्टिकच्या वाणाइतका उतरवणं शक्य नाही, त्यामुळे चाळीस-पन्नास बायकांचं हळदीकुंकू करणाऱ्या घेणार नाहीत. जवळच्या पाच-सात जणींना देणाऱ्या घेतील. तेवढंच लिहिलं, "मोजक्या जणींसाठी". हे वाक्य भाव जास्त असल्याची सबब म्हणून सुचलं होतं, पण वाचताना उलट लोभस वाटतं. अशा वाक्यांवर जरा नजर ठेवायला हवी.

२२ डिसेंबर

वाळलेला पांगारा संपत आला. भातुकलीचे संच आणि करंडे दोन्ही एकदम मागितले जाताहेत आणि हात चारच आहेत, रंगाचा कुंचला धरणारे दोन. मुलगा म्हणाला, बाहेरून तयार माल आणून आपण फक्त रंगवू. काकांनी मान हलवली, नकाराची.

चालू जाहिरात आज बंद केली. "फक्त ३ शिल्लक, त्वरा करा" अशी पट्टी कॅटलॉगमध्ये होती, तीही काढून टाकायला सांगितली. घाई करायला लावून विकायचं आणि मग उशिरा पाठवायचं, तर जूनपासून लिहिलेलं सगळं पाण्यात.

येणाऱ्या प्रत्येक चौकशीला जाणारा निरोप काकी, मुलगा आणि मी मिळून लिहिला: "नमस्कार. करंडे ५ जानेवारीपर्यंत सांगितलेत तर संक्रांतीआधी पोचतील. भातुकलीचं लाकूड अजून वाळतं आहे, संच फेब्रुवारीअखेर तयार होतील. तोवर पैसे पाठवू नका. कोणासाठी हवा आहे ते सांगून ठेवा, तयार झाला की आम्हीच फोन करू." काकींनी शेवटी एक दुरुस्ती केली. "फोन करू" च्या आधी "दुपारी" घातलं, कारण सकाळी त्या रंग लावत असतात.